शिक्यावरचं वरण

जाऊबाई,

मी भावासंग अकोल्याच्या दवाखान्यात चालली. जमुना कापूस वेचाले नको म्हनून लंगडते, असं तुमी गल्लीभर सांगून राहिल्या. काल गावातल्या डॉक्टरनं सांगतलं, शेजारच्या तेरवीतून आनलेल्या शिळ्या वरणानं हगवण लागली, अन् पोटातल्या त्याच जंतूपायी टोंगळे सुजले, गुडघे वाकत नाहीत. तुमी वरून टोंगळ्याले बिब्ब्याचा चटका देला. कातडं सोललं, सूज तशीच हाये.

तुमच्या पोराईले ताजं अन् मले शिळं, हे रोजचंच. आजबी शिक्यावर माह्यासाठी परवाचं वरण होतं. कुत्र्यापुढं ठेवलं, तं त्यानं हुंगलं अन् निंघून गेला. वाटी चुलीपाशी झाकून ठेवली हाये, तुमी खाऊन पाहा. बिब्बा कोनाड्यात हाये.

जमुना