चौदा नंबरच्या रुळावरची निळी पाटी

ब्रुकलिन, रविवार, चर्चहून आल्यावर

ति. यूलाली आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा आणि बाकीच्या तुला एकत्र नमस्कार. (वेगवेगळा अशासाठी, की उजवा सुधारतो आहे आणि डाव्याचं काही सांगता येत नाही, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, आणि सुधारणाऱ्याच्या वाट्याची चौकशी मला दुसऱ्याला द्यायची नाही.) तिकडे बेटावर ग्वावमध्ये पाऊस थांबला का? जायफळाच्या झाडाची मोडलेली फांदी कापलीस का? शेजाऱ्याची बकरी अजून तुझ्याच दारात झोपते का? इथे मी खुशाल आहे. घरातली आणखी एक व्यक्तीही खुशाल आहे, पण त्या व्यक्तीचं नाव पत्रात घ्यायचं नाही असं तू तीन वर्षांपूर्वी बजावलं आहेस, म्हणून घेत नाही. या पत्रात जिथे 'बाबा' असं येईल, तिथे ते केवळ हकिगतीला लागतात म्हणून आलेले आहेत असं समजावं.

तर आत्या, माझी रेल्वे यार्डातली गाडी चालवण्याची परीक्षा. तुला तारीख कळवली होती आणि तू त्या दिवशी मेणबत्ती लावणार होतीस. लावली असशील तर ती वाया गेली, कारण परीक्षा त्या दिवशी झालीच नाही. आणि ती माझ्यामुळेच झाली नाही. मात्र माझ्याकडून एकही नियम मोडला गेला नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू पुढचं बसून वाचशील.

तुला आठवतं ना, मी खऱ्या शाळेत जायच्या आधी तुझ्याकडे शिकले. दिवसभर खरी गाडी चालवून आलीस की स्वयंपाकघराच्या फरशीवर तू डॉमिनोच्या सोंगट्यांच्या गाड्या लावायचीस. दोन्हीकडे सहा ठिपक्यांची सोंगटी म्हणजे यार्डातल्या गाड्या सोडणारा टॉवर, आणि टॉवरला विचारल्याशिवाय एक सोंगटी हलवायची नाही. काडेपेटीच्या काड्यांचा तिसरा रूळ, त्यात सहाशे व्होल्ट. काडीला बोट लागलं की मी मेले, आणि मेलेल्या मुलीला नारळाची भाकरी मिळत नाही. रुळावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. आणि कपडे वाळत घालायचा निळा चिमटा म्हणजे 'हलवू नका'ची पाटी. गाडीखाली माणूस असेल, किंवा आहे की नाही याची नुसती शंका असेल, तरी पाटी लावायची. आणि जिने लावली तिनेच काढायची. दुसरा कितीही मोठा साहेब असो, त्याने हात लावायचा नाही. एकदा तू चिमटा तसाच ठेवून कामाला गेलीस, आणि संध्याकाळी बाबांचे तिघे मित्र खेळायला आले. मी सहा वर्षांची होते. मी सोंगट्यांना हात लावू दिला नाही. चार मोठी माणसं नारळाच्या दुधातल्या ऑइल डाऊनच्या पातेल्याकडे बघत तू परत येईपर्यंत बसून राहिली. मला वाटतं माझ्या आयुष्यातल्या सगळ्या अडचणी तिथून सुरू झाल्या.

आता मंगळवारचं. दुपारी मी चौदा नंबरच्या रुळावरची गाडी तपासत होते. (ती कोणी तपासायला सांगितली नव्हती. शुक्रवारी परीक्षा, म्हणून सराव.) तिसऱ्या डब्याच्या चाकामागे मला दोन बूट दिसले. टाचा माझ्याकडे. मी हाक मारली, उत्तर नाही. बॅटरीने डब्यावर ठोकलं, तरी उत्तर नाही. आता माणूस असून उत्तर देत नसेल तर ते माणूस नसण्यापेक्षा वाईट, म्हणून मी आधी निळी पाटी लावली, तिच्यावर नाव आणि बिल्ला नंबर लिहिला, टॉवरला कळवलं, आणि मग वाकून पाहिलं. बूट रिकामे होते.

आत्या, इथे दुसरी कोणी असती तर तिने पाटी काढली असती. पण बूट आहेत म्हणजे बुटांचा माणूस कुठेतरी आहे, आणि तो अनवाणी आहे. यार्डात अनवाणी माणूस कुठे जाईल? मी हा विचार करत होते तेवढ्यात टॉवरवरून मिसेस लाफॉनचा आवाज आला, की दुसऱ्या टोकाच्या स्थानकावर माणूस कमी आहे, व्हॅन उभी आहे, ताबडतोब नीघ. मी म्हटलं, माझी पाटी लागली आहे. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे गं बाई, तूच तर दोनदा सांगितलंस. जा आता." मी म्हटलं, बुटांचा माणूस सापडला की मला कळवा, मी येऊन काढीन. त्या हो म्हणाल्या. मग मी गेले, तिथूनच घरी आले, आणि बुधवार-गुरुवार माझी सुट्टी होती.

त्या दोन दिवसांत मी कळवण्याची मनापासून वाट पाहिली. फोन मात्र बंद होता. (कामावर फोन बंद ठेवायचा असा नियम आहे. सुट्टीच्या दिवशी चालू करायचा असा नियम मी शोधला, मला सापडला नाही.) पाटी काढायला ये म्हणून सांगायला मिसेस लाफॉननी म्हणे अकरा वेळा प्रयत्न केला. मग त्यांनी घरच्या फोनवर केला, आणि तो बाबांनी घेतला. बाबा म्हणाले, "हे बघा बाई, पोरीची परवा परीक्षा आहे. तिला आत्ता बुटांचं काही सांगितलं तर ती जेवायची नाही. परीक्षा झाली की सांगतो." आणि त्यांनी खरोखरच मला काही सांगितलं नाही. माझ्यापुढे मासे ठेवले आणि काटे काढून दिले. मी पंचवीस वर्षांची आहे, तरी.

शुक्रवारी सकाळी आठला मी यार्डात हजर. परीक्षक मिस्टर ओयोला. तू त्यांना ओळखत नाहीस, तुझ्यानंतर आले. बारीक, ताठ, काखेत कॉफीचा थर्मास. उमेदवारीची आपली शेवटची परीक्षा असते, आणि तीत त्यांनी एकदा नापास म्हटलं की गणवेश परत करायचा, पुन्हा संधी नाही. माझ्या आधीच्या सातांपैकी चौघांनी गणवेश परत केले होते, त्यांतल्या एकाने इस्त्री करून. मी रात्रभर आपली सोंगट्यांची फरशी डोळ्यांपुढे आणत होते.

ओयोलांनी टॉवरला विचारलं, परीक्षेची गाडी कुठे? मिसेस लाफॉन म्हणाल्या, चौदा नंबरवर, अगदी आतल्या टोकाला. ओयोला म्हणाले, मग बाहेर काढा. मिसेस लाफॉन म्हणाल्या, निघणार कशी, तिच्यापुढे दुसरी गाडी आहे आणि त्या गाडीला मंगळवारपासून निळी पाटी आहे. ओयोला चालत तिथे गेले, मी मागे. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. "के. कॅलिस्ट. ही कोण बेअक्कल?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग म्हणाले, "ठीक. काढा ती, आणि चला. वीस मिनिटं गेलीच आहेत."

आणि आत्या, माझा हात पाटीकडे गेलासुद्धा. इतकी मी घाबरले होते. पण पाटीला बोट लागलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला, की लावणं सोपं असतं, काढणं हे मोठं काम. मी म्हटलं, सर, आधी सगळी गाडी फिरून बघावी लागेल. ते म्हणाले, "दोन दिवस बघायला आला नाहीत, आता काय बघता?" मी म्हटलं, दोन दिवस बघितलं नाही म्हणूनच, सर. यावर थर्मासचं झाकण त्यांनी उगाचच घट्ट केलं. मला वाटलं, झालं, गणवेशाला इस्त्री कोण करून देतं ते विचारून ठेवावं.

मी निघाले. आठ डबे एका बाजूने, आठ दुसऱ्या बाजूने, रूळ ओलांडताना पाय उचलून, प्रत्येक डब्याखाली वाकून. ओयोला मागून. दुसऱ्या बाजूने येताना तिसऱ्या डब्यापाशी तेच बूट. टाचा आमच्याकडे. ओयोला म्हणाले, "हेच का ते सुप्रसिद्ध?" मी म्हटलं, हो सर, रिकामे आहेत. आणि असं म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण रिकामे होते ते मंगळवारी; आज शुक्रवार. मी खाली वाकून एका बुटाला बॅटरीने टकटक केलं.

बूट आत ओढला गेला.

"कोण आहे?" मी म्हटलं. माझा आवाज तू ऐकला नाहीस ते बरं झालं.

"वेंडेल," खालून उत्तर आलं. "आणि पायावर काय मारतेस गं?"

वेंडेल हा आमचा मेकॅनिक. मंगळवारी पाण्यात काम होतं म्हणून त्याने रबरी बूट चढवले होते आणि हे इथे वाळत ठेवले होते. आज सातपासून तो खाली पडून ब्रेक बदलत होता. ओयोलांनी त्याला अगदी हळू आवाजात विचारलं, तुमची पाटी कुठे? वेंडेल म्हणाला, "ती काय, लावलेली आहे ना. दोन दिवस झाले, कोणी काढत नाही. म्हटलं, चांगली पक्की दिसते आहे, आपली कशाला आणखी." ओयोला म्हणाले, "ती तुमची नाही. ती हिची आहे. आणि ती मी आत्ता हिला काढायला सांगितली होती."

मग खालून पाना पडल्याचा आवाज आला. वेंडेल म्हणाला, "अरे बापरे," आणि बाहेर आला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे. वेंडेलने जाऊन स्वतःची पाटी आणली आणि माझ्याशेजारी लावली. काम पुरं केलं, स्वतःची काढली. मी पुन्हा सोळा डबे चालले (दोन्ही बाजू धरून), मग माझी काढली, टॉवरला कळवलं, दोनदा भोंगा वाजवला. मिसेस लाफॉन म्हणाल्या, "देव पावला." तोवर परीक्षेची वेळ संपून गेली होती. ओयोलांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि थर्मासच्या झाकणात मला कॉफी दिली. लोक सांगतात की त्यांनी आजवर ती कोणाला दिलेली नाही. मी ती घेतली, पण यार्डात रुळांच्या मध्ये उभं राहून प्यायची परवानगी आहे का, ते आठवेना, म्हणून कडेला जाऊन प्याले.

सोमवारी परीक्षा झाली. गाडी बाहेर काढली, पहिल्या स्थानकावर नेली, थांबवली. ओयोला म्हणाले, "पास." मग म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी फोन चालू ठेवत जा. हा नियम नाही, विनंती आहे." मी ते नियमांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतलं आहे.

कुठल्याही शंकेचं निरसन लागलं तर तुलाच लिहीन. बकरीला माझी आठवण सांग.

तुझी सोंगट्यांच्या शाळेतली एकुलती विद्यार्थिनी,
केझिया

ता. क. एक राहिलं. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला, शनिवारी सकाळी दहाला, मी पहिल्यांदा प्रवासी घेऊन एकटीने गाडी नेणार आहे. तू तुझी शेवटची गाडी जिथे नेलीस, त्याच स्थानकात. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल मी बोलू नये हे मला ठाऊक आहे. तू चालवत होतीस, बाबा तुझे कंडक्टर. फलाटावर आम्ही सगळे फुलं आणि केक घेऊन उभे, आणि बाबांनी फलाटाच्या मधोमध टांगलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या फळीकडे, गाडी जागेवर थांबल्याची खूण म्हणून, बोट दाखवलंच नाही. गाडी अर्धा डबा मागे थांबली आहे म्हणाले, आणि तू ती पुढे घेईपर्यंत दारं उघडली नाहीत. फळी समोर आल्याशिवाय बोट नाही आणि बोटाशिवाय दार नाही, हा नियमच आहे. पण तुझा शेवटचा दिवस होता, हेही खरंच आहे. हे सगळं पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं, की तू यावंस. तुम्ही दोघं फलाटाच्या दोन टोकांना उभे राहिलात तरी चालेल. आठ डब्यांची गाडी आहे, अंतर भरपूर आहे.

ता. क. दोन. तू बाबांना लावलेली पाटी मी काढू शकत नाही, आणि दुसरं कोणीही काढू शकत नाही. एवढंच म्हणते की तीन वर्षं झाली, एकदा येऊन खाली वाकून बघ. मधल्या काळात बरंच बदललेलं असू शकतं. उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टर म्हणाले, निदान चार वर्षांचे जुने असणार. त्या संध्याकाळी बाबा नुसते बोटांवर वर्षं मोजत बसले होते.

ता. क. तीन. पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होते तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. (आपण काही वाचलं नाही असं ते म्हणतात.) मी विचारलं, टपालात टाकू का? ते खिडकीपर्यंत गेले, परत आले, चष्मा नीट केला, आणि तुझ्या नावाकडे बोट दाखवलं. हात अगदी सरळ, कामावर फळीकडे दाखवायचे तसा.

म्हणून पाठवते आहे.

केझिया