ट्रेच्या कोपऱ्यातलं तेल

३ फेब्रुवारी, मंगळवार

सिलिकॉनची गन मामानं लखनच्या हातात दिली. माझ्या नाही! आसाराम मिस्त्रीचा सख्खा भाचा मी — आणि लखन कोण? मागच्या गल्लीतला. मामा वर म्हणतो कसा, "त्याचा हात थंड हाय. तुझं ध्यान कुठंबी असतंय, सटवा." ध्यान कुठंबी! तेव्हा मी फक्त खिडकीतून एक टँकर बघत होतो.

लिंबागणेशला बजरंग आप्पांच्या नव्या बंगल्यात काम आहे. आप्पांची आई रुक्मिणीबाई मागं न्हाणीत घसरून पडली, म्हणून पुण्याच्या नातवानं शॉवर ट्रे पाठवलाय. पांढरा, चकचकीत, कडा असलेला. फरशीवर बसवायचा, त्यात उभं राहायचं, पाणी वरून. म्हातारी त्याला बोटानं वाजवून म्हणाली, "एवढी मोठी परात कावून आणली रं? मला काय गावजेवणाचं पीठ मळायचंय का?"

खालचं काम माझं. वाळू-सिमेंटचा थर, पाणसळ लावून लेव्हल, भोकाखालचा पाइप. म्हणजे जे कुणालाच दिसत नाही ते. ट्रे आणि टाइल यांच्यातली फट सिलिकॉननं भरायची ती लखननं. जे सगळ्यांना दिसतं ते.

अंबाजोगाईला एक लॉज होतंय, तिथं खोलीखोलीत असे ट्रे बसणार. मामाचे गुडघे गेलेत. इथं ज्याचं काम बरं उतरेल त्याच्या हाती लॉज. आणि लॉजच्या मागोमाग तेजश्री. मामा हे तोंडानं बोलला नाही, पण घरात सगळ्यांना कळतंय. तेजश्री म्हणजे मामाची पोरगी. मी चड्डीत होतो तेव्हापासून आई म्हणते, मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. त्या भरवशावर मी सुरत केलं, हैदराबाद केलं, कड्याला कारखान्यावर एक सीझन केला. हक्क कुठं पळून जातोय!

लखन मात्र कुठंच गेला नाही. इथंच बसून राहिला.

४ फेब्रुवारी

थर टाकायला घेतला आणि बाहेर घंट्या वाजल्या. मेंढरं! सगळा रस्ता भरून. धनगराच्या घोड्यावर कोंबड्या बांधलेल्या, त्यातली एक तर झोपलेली. घोडा चालतोय आणि ही झोपलीय! मी वळणापर्यंत गेलो. तिथं एक म्हातारा म्हणाला, चहा घे. घेतला.

आलो तर सिमेंटचा माल आवळून घट्ट होत आलेला. मामा दारात.

"कुठं गेलतास बे?"

मी काही बोलायच्या आत लखन आतून ओरडला, "पाणी आणायला गेलता, मामा. थर त्यानंच केलाय, बघा."

बघितलं. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधोमध. सगळा लखननं सारखा केलेला! मामानं माझ्या पाठीवर थाप मारली.

ती थाप अजून चावतेय. शिव्या दिल्या असत्या लखननं तर चाललं असतं. हा चांगला वागतो तेच मला बघवत नाही. आणि मामाला मामा कावून म्हणतो हा? मामा माझा आहे.

५ फेब्रुवारी

तेजश्री डबे घेऊन आली, उशिरा. कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा केक होता. ती बीडला केकचा क्लास करून आलीय, आता पंचक्रोशीतल्या पुढाऱ्यांचे केक तीच करते. म्हणे, "नाव कमी, पदव्या जास्त. मावतच न्हवत्या केकवर."

लखन हसला. मीपण हसलो, पण तो आधी हसला.

त्याच्या डब्यात ठेचा जास्त होता. नव्हता म्हणून कुणी सांगू नये मला.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज एक झालं.

ट्रे बसला. टाइलच्या बाजूनं फट सोडली. लखन सिलिकॉनची नळकांडी आणायला बीडला गेलता, मामा आप्पांबरोबर गावात. मी एकटाच बाथरूममध्ये. रुक्मिणीबाई काठी टेकत आल्या. हातात तेलाची वाटी.

"नवी वस्तू घरात आली. कोपऱ्याला तेल नको का घालाया?"

दाराच्या दोन्ही बाजूंना घालतात तसं त्यांनी ट्रेच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, बरोब्बर फटीत, धार सोडली. मग मला म्हणाल्या, "हात जोड." मी जोडले.

टाइल चॉकलेटी. तेल दिसेनासं झालं. तेलावर सिलिकॉन धरत नाही. एवढं मलाही कळतं. स्पिरिटनं पुसलं असतं तर झालं असतं.

पुसायला उठलोच होतो, खरंच. तेवढ्यात लखन आला. फोन कानाला, मामाशीच बोलत होता. "हां मामा, मिळालं. जेवायला? येतो की. तेजूला सांगा भाकरी ज्वारीची कर म्हणावं."

तेजू!!

मी काही बोललो नाही. त्यानं चिकटपट्टी लावली, गन चालवली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवलं. काय सुंदर रेघ आली! मामा आला नि म्हणाला, "लोणी." मी बाहेर जाऊन बसलो.

८ फेब्रुवारी

सांगावं का?

नाही. भाकरी ज्वारीची खाल्ली ना त्यानं?

९ फेब्रुवारी, सोमवार

पाणी सोडलं आणि गेलं काम. भिंतीपलीकडच्या खोलीत ज्वारीची पोती आहेत, ती खालून ओली. मामा कोपऱ्यात नख घालून बघतो तर सिलिकॉन सालीसारखं उलगडत आलं. आप्पा मोठ्यानं बोलत नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "आसाराम, तुमचं नाव ऐकून दिलतं काम."

मामा लखनवर असा तापला! "हात थंड म्हणलं तर डोकंबी थंड पडलं का तुझं? सुकं हाय का न्हाई बघितलं न्हाईस?" लखन खाली बघून म्हणाला, "बघितलतं मामा. सुकंच दिसत होतं."

दिसणारच.

मला आनंद झाला. लिहूनच टाकतो, इथं कोण बघतंय? पोती उन्हात ओढताना शीळ घालत होतो. आणि मामानं गन आणून माझ्या हातात दिली! "उद्या तू कर, सटवा."

जेवायला लखन आला नाही. त्याचं ताट वाढलेलं होतं तरी तेजश्री दोनदा दारापर्यंत जाऊन आली. हा नसला तरी तिथं बसलेलाच!

१० फेब्रुवारी

जुनं खरवडलं. स्पिरिटनं पुसलं — मी, चांगलं घासून. गन धरली. रेघ वाकडी. पुन्हा काढली, पुन्हा सोडली. जाड, बारीक, मध्येच फुगा. एकच नळकांडं उरलं. मामा दारात उकिडवा. लखन बाहेर पाइप धुवत होता, त्यानं हसावं ना, तर तेही नाही.

तेजश्री डबे ठेवायला आत आली. "ह्ये काय? गांडूळ सोडलेत का?"

"तूच कर मग!" मी चिडून म्हणालो.

तिनं ओढणी कमरेला खोचली आणि गन घेतली. नळकांड्याचं तोंड तिरपं कापलं, केकला क्रीम सोडायच्या पिशवीचं कापतात तसं. मामाकडं बघितलं. मामा तिला नको म्हणाला नाही! एवढंच म्हणाला, "आधी ट्रेत वजन पायजे. उद्या मानूस उभं राहील तर ट्रे दबंल, फट उघडंल. दबलेल्या फटीतच भरायचं."

"मग ह्ये दोघं हायत की," ती म्हणाली. "ये लखन, चपला काढ. सटवा, तूबी ये."

उभे राहिलो. लखन आणि मी, त्या परातीत, अनवाणी, छातीला छाती. त्याच्या अंगठ्यावर माझा पाय. हलायचं नाही. ती गुडघ्यावर आमच्याभोवती फिरतेय आणि मागं रेघ येतेय. काय सांगू! एकसारखी, कुठं थांबली तेही कळू नये अशी. लखन वरून तिचा हात बघत होता आणि मीपण त्याच्यासारखाच बघत होतो.

रुक्मिणीबाई आल्या नि हसून हसून काठी सुटली. "अगं बया! दोन नवरदेव एका पाटावर!"

मामासुद्धा हसला. मग म्हातारीच्या हातातली वाटी दिसली.

"थांब पोरी, कोपऱ्याला तेल घालू दे. मागं घातलतं ते तुमी खरवडलं. ह्या लेकराम्होरंच घातलतं," काठी माझ्याकडं. "कसे हात जोडले त्यानं! गुणाचं हाय."

गन थांबली. तेजश्रीनं खालून वर बघितलं, माझ्याकडं. लखननंही, पण तो इतका जवळ होता की त्याचे डोळे मला धड दिसतच नव्हते.

"आजी, तेल उंबऱ्याला घाला," ती म्हणाली. आणि राहिलेला कोपरा भरला.

उतरता येईना. तिचं होईपर्यंत वजन म्हणून उभंच राहावं लागलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी सोडलं. पलीकडची खोली कोरडी.

मामानं लॉजवाल्याला फोन केला, आमच्यासमोर. "माझी पोरगी करती काम. हाताखाली दोघं हायत."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, ती मला नको म्हणेल. मीच पिशवीकडं बघत होतो, हैदराबादची गाडी डोक्यात. ती म्हणाली, "लखनचा हात चांगलाय, पर त्याला तेल दिसलं न्हाई. तुला दिसलं. हरामखोर हायेस, पर दिसतंय तुला. दोघंबी या सोमवारी. आन् साइटवर मला ताई म्हणायचं."

"हां ताई," लखन लगेच म्हणाला.

माझ्या तोंडातून अजून निघत नाहीये.