फाटकाच्या आत आलेली गाडी

शिरूर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,
अक्षदाचा सा. न. वि. वि.

तुमचा निरोप भाजीच्या टेम्पोवाल्याने दिला. त्या दिवसाचं फोनवर काही बोलायचं नाही, फोन रेकॉर्ड होतात, जे असेल ते चिठ्ठीने कळव. मामा, चिठ्ठी तर फोनपेक्षा पक्की असते. पण वसतिगृहात असल्यापासून तुम्हाला पत्र लिहायची सवय आहे, म्हणून मलाही हेच बरं वाटतं.

रंगुबाईंना काल दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या पायात गुडघ्याखाली पट्टी आणि स्क्रू बसवले आहेत. दीड महिना पाय टेकायचा नाही. त्यानंतरही त्यांना वाकून बाग झाडणं जमेल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. इलाजाचा सगळा खर्च तुम्ही अंगावर घेतलात, विमासुद्धा मागितला नाहीत, हे मी त्यांच्या सुनेला सांगितलं. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तो इथे लिहिताना मला अवघड गेलं.

उद्यान समितीची बैठक शनिवारी २२ तारखेला आहे. विषय एकच, बागेच्या फाटकाच्या आत गाड्या येऊ द्यायच्या की नाही. हा विषय डिसेंबरात समितीची कारकून म्हणून मीच टिपण लिहून मांडला होता. फाटकापासून दत्तमंदिरापर्यंत एकच अरुंद रस्ता. त्याच्यावर मुलं सायकल शिकतात, म्हातारी माणसं फिरतात, आणि त्याच रस्त्याने नव्या गाड्या पूजेला येतात. गाड्या बाहेर थांबाव्यात आणि पूजा फाटकापाशीच व्हावी, असं मी लिहिलं होतं. आणि ते लिहिणारी मीच वसंत पंचमीला त्या रस्त्यावर, तुमच्या नव्या गाडीत, स्टेअरिंगवर बसले.

हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. तुम्ही कौतुकाने म्हणालात की घराण्यात पहिली शिकली ती माझी भाची, तिच्या हातानं लिंबं फुटू द्या. मी नको म्हणाले, पण कुणाला ऐकू जाईल असं म्हणाले नाही. सुदर्शनदादा खिडकीशी वाकून सांगत होता, ब्रेकवरचा पाय नुसता उचल, ही क्लच नसलेली गाडी आहे, आपोआप सरकते. ती सरकली. चाकाखाली लिंबं फुटली, मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि थांबायला म्हणून मी पाय दाबला तो ब्रेकवर पडला नाही. रंगुबाई झेंडूच्या पाकळ्या झाडायला पुढे आल्या होत्या. फुलांच्या ताटव्याचा कठडा आणि गाडी यांच्यामध्ये त्या सापडल्या. काचेवर हार होते. त्यांच्या फटीतून रंगुबाईंनी माझ्याकडे बघितलं.

लोक धावत येईपर्यंत तुम्ही मला खाली ओढलंत, दादाला आत बसवलंत, आणि पोरगा चालवत होता असं सगळ्यांना सांगितलंत. समितीच्या कागदावर सहीसुद्धा दिलीत. तुम्ही ते माझ्यासाठी केलंत, मला कळतं. पण मला खरं सांगायचं आहे. त्यासाठी तुमची परवानगी मागते.

मामींना नमस्कार. मी काहीही लिहिलं तरी माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
अक्षदा


दौंड,
९ फेब्रुवारी

चि. अक्षदास,
मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचलं आन् चुलीत घातलं. तू बी माझं तसंच कर. तुझ्या मामीनं इचारलं काय जाळताय, तर म्हणलं बियाण्याची जाहिरात.

परवानगी मागतीस, तर न्हाई. मी त्या वक्ताला उभ्या उभ्या हिशेब केला. तुझ्याकडं लायसन न्हाई, सुदर्शनकडं हाय. तुझी नोकरी त्याच बागंची हाय, त्याचं रान कुणी काढून घेत न्हाई. ह्यात चुकलं काय ते मला सांग. पोरगा बी एका शब्दानं न्हाई बोलला, गुमान आत जाऊन बसला.

तुला नोकरी लागली तवा तुझ्या आईनं लोकांच्या रानात खुरपायला जायचं सोडलं. माझी बहीण चाळिसाव्या वर्षी पयल्यांदा दुपारची घरात दिसाय लागली. ते खुरपं परत तिच्या हातात द्यायचं आसंल तर उभी ऱ्हा त्या बैठकीत आन् सांग. मी सोसायटीत बावीस वर्षं बसतोय. माझ्या शब्दावर माणसं कागद न वाचता अंगठा उठवत्यात. तू बोललीस म्हंजी मामानं खोट्यावर सही केली आसं होणार. ह्यो इचार केलास का.

आन् गाड्या बंद करून तुमाला काय मिळणार. माणूस गाडी घेतो, ती देवाला दाखवायला न्यायची न्हाई तर कुणाला. देव काय फाटकाच्या भाईर येऊन उन्हात उभा ऱ्हानार हाय का. तुमी शिकलेली माणसं टिपणं लिव्हता, पण कवा नवी गाडी घेतली न्हाई.

रंगुबाईच्या घरी ज्वारीचं पोतं धाडलंय. काळजी करू नको, जेवत जा. माया हाय म्हणूनच दटावतोय.

रोहिदास मामा


शिरूर,
१२ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जाळलं नाही. मला जमलं नाही. ट्रंकेत कुलपात ठेवलं आहे. आईच्या खुरप्याचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

रविवारी रंगुबाईंकडे गेले होते. त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. समितीची माणसं जबाब घ्यायला आली होती म्हणाल्या, आन् म्या सांगितलं की म्या खाली पाकळ्यांकडं बघत हुते, गाडीत कोन हुतं ते मला न्हाई ठावं. हे सांगताना त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, तू शिकलेली हाईस, माज्या सुटीचा अर्ज तेवढा नीट लिहून दे. मी लिहिला. त्यांनी अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी तो अर्ज ऑफिसात माझ्याच टेबलावर आला आणि मीच त्याच्यावर आवक क्रमांक घातला.

समितीचे अध्यक्ष पोपटराव आप्पा यांनी काल बोलावून घेतलं. म्हणाले, तुझं टिपण चांगलं हाय, पण आता त्याची गरज न्हाई. दोष गाडीचा न्हाई, दौंडच्या उडाणटप्पू पोराचा हाय. त्यानं जोरात आणली. त्याला बागंत कायमची बंदी घालू, वाहने सावकाश चालवा आसा फलक लावू, विषय मिटला. इतिवृत्त तसं तयार ठेव.

समितीवर शेवंताबाई आहेत, त्यांचाही गाड्या थांबवायला विरोध आहे. त्यांच्या मालकांचं एक अंग गेलं आहे. संध्याकाळी गाडीत बसवून नदीकडच्या बाकापर्यंत आणतात, तेवढंच त्यांना बाहेरचं वारं. ज्याला पाऊल उचलत न्हाई त्यानं बागंत यायचंच न्हाई का, असं त्यांनी मला विचारलं. तो प्रश्न खरा आहे. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला आणि टिपणात एक कलम घातलं, की फाटकावर चाकाची खुर्ची आणि ती ढकलायला माणूस ठेवावा.

पण आप्पांच्या बोलण्यावर मला कलम सुचत नाही. मामा, मी जोरात नव्हते. पाय चुकेपर्यंत चालत्या माणसापेक्षा हळू होते. तिथे उडाणटप्पू कुणीही नव्हतं. चांगली माणसं होती, सणाचा दिवस होता, आणि तरी एका बाईचा पाय मोडला. रस्ता धोक्याचा आहे तो एवढ्यासाठी. हे समितीला पटवायचं तर आत मी होते हे सांगावं लागेल. नाहीतर फलक लागेल आणि पाडव्याला तीस-चाळीस गाड्या पुन्हा त्याच रस्त्याने आत येतील.

मी अजून काही ठरवलेलं नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

रागावलात तरी पत्राचं उत्तर मात्र द्या.

अक्षदा


दौंड,
१६ फेब्रुवारी

अक्षे,

आबांनी पत्र लिहायचं बंद केलंय म्हणून मी लिहितोय. अक्षर लागलं न्हाई तर तुझ्या समितीपुढं ठेव, ठराव करून वाच.

तुझं पत्र आबांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. उडाणटप्पू शब्दाला मामी म्हंजी माझी आई लई हसली. म्हणाली, ह्यो चाळीसच्या वर गाडी काढीत न्हाई, मागनं ट्रॅक्टर हॉर्न मारतो. आबा हसले न्हाईत. काल एवढंच म्हणाले की ती बोलली तर तिनं ह्या घरी येऊ नये. आई म्हणाली, मंग मी बी जाते. आता दोघं बी गप हायत आन् मधी मी.

एक गोष्ट तुला कुणी सांगणार न्हाई म्हणून सांगतो. यवतच्या लोकांनी सोयरीक थांबवली. पोरानं बाई उडवली आसं त्यांच्या कानावर गेलं. त्यांचं बी चूक न्हाई, माझी बहीण आसती तर मी बी थांबवली आसती. पोरगी फोनवर चांगली बोलायची. जाऊ दे.

हे वाचून तू रडत बसशील, तसं करू नको. पाय उचल म्हणून मीच सांगितलं व्हतं. दुसरं पॅडल कुठलं ते दाखवायचं राहिलं. ते मला रोज आठवतंय. तुला जे करायचं ते कर, माझ्याकडनं मोकळीक हाय. आबांचं मी काय सांगू शकत न्हाई.

पत्राला पत्रानंच उत्तर दे म्हंजी आबांना बी वाचून दाखवीन.

सुदर्शन


शिरूर,
२३ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

दादा हे तुम्हाला वाचून दाखवील या भरवशावर लिहिते. काल बैठक झाली. तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, तरी दर वेळी दार वाजलं की मी मान वर करून बघत होते.

आप्पांनी विषय वाचला आणि मला इतिवृत्त सांगायला लागले. लिही, दौंड येथील युवक सुदर्शन याच्या निष्काळजीपणामुळे. मी दौंड येथील एवढं लिहिलं. पुढे लिहवेना. आप्पा म्हणाले, लिही की. मी उभी राहिले. सांगायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण तो कागद काढलाच नाही. म्हटलं, गाडी मी चालवत होते. एक सभासद हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग मी पहिल्यापासून सांगितलं. मला गाडी येत नाही, लायसन्स नाही, मामांनी कौतुकाने बसवलं, मला नाही म्हणता आलं नाही.

आप्पा म्हणाले, पोरी, खाली बस, तुला कुणी इचारलेलं न्हाई. आन् हे लिहायचं न्हाई. मी म्हटलं, आप्पा, बैठकीत बोललं जातं ते सगळं लिहायचं असं पहिल्या दिवशी तुम्हीच मला शिकवलंत. मी खाली बसले आणि स्वतःचं बोलणं स्वतः लिहिलं.

मग शेवंताबाईंनी विचारलं, गाडी किती जोरात व्हती. मी सांगितलं, माझा पाय चुकेपर्यंत, तुम्ही मालकांना धरून गाडीतून बाकावर नेता तेवढी. त्या म्हणाल्या, ती चाकाची खुर्ची कवा येनार ती तारीख आधी लिव्हा, मंग माझा हात घ्या. सातपैकी पाच हात वर झाले. एक मार्चपासून फाटकाच्या आत गाडी येणार नाही. आप्पांनी हात वर केला नाही, पण सही केली.

बैठक संपल्यावर त्यांनी माझ्याकडून कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस म्हणाले. इतिवृत्ताची प्रत पोलीस ठाण्यात जाणार आहे. पुढच्या सोमवारी, तीन मार्चला, मला जबाब द्यायला बोलावलं आहे. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

तिथून सरळ रंगुबाईंकडे गेले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, आता माजा बी जबाब खोटा पडला की, म्या का खोटं बोलले म्हनून मलाच धरतील. मामा, मी प्रत्येक गोष्टीचा चारदा विचार करणारी, आणि हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांची सून मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही.

तुमचा शब्द मी मोडला. तुमच्या दारात येऊ नये असं तुम्ही म्हणालात, मी येणार नाही. फक्त लिहीत राहू द्या.

अक्षदा


दौंड,
२७ फेब्रुवारी

चि. अक्षदास,

सुदर्शननं वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून परत वाचलं. ह्या वक्ताला चुलीत घातलं न्हाई.

रंगुबाई आपल्या मनानं खोटं बोलली न्हाई. ज्वारीचं पोतं घेऊन मी सवता गेलो व्हतो. तिच्या हाता-पाया पडून सांगितलं, पोरगी उघड्यावर येईल, तू काय बघितलं न्हाई आसं म्हण. ती पोतं घेत नव्हती. मी दारात ठेवून निघून आलो. हे तुला कळू नये आसं तिला मीच बजावलं व्हतं. म्हणून तिच्या जबाबाचं तू मनाला लावून घेऊ नको, ते माझं हाय.

सोसायटीत काल सांगून टाकलं की मी एका कागदावर खोटी सही केलीय. दोघं उठून गेले. बाकीचे बसले. यवतला सुदर्शनची आई जाऊन आली. त्यांनी च्या पाजला, अजून व्हय म्हणले न्हाईत.

सोमवारी तू ठाण्यात एकटी जायचं न्हाई. सकाळच्या एस.टी.नं तुझ्या आईला घेऊन येतो. तिला मी सांगितलंय. ती एवढंच म्हणाली की पोरीला आधी जेवायला घाला. आधी रंगुबाईकडं जाऊ, मग ठाण्यात. माझी सही मला परत घ्यायचीय आन् खरं काय ते लिहून द्यायचंय. अर्ज कसा लिव्हायचा ते मला ठावं न्हाई. तू मजकूर सांग, अक्षर माझं आसंल.

घरात येऊ नको म्हणलं व्हतो ते रागानं. राग अजून हाय, लोभ बी हाय. दोन्ही घेऊन येतो.

रोहिदास मामा