लग्नाचं डुक्कर सरकारजमा झालं, त्याबद्दल वन्संना

वन्सं,

तुमच्या भावाने लग्नाचं डुक्कर सरकारजमा केलं आहे, ज्याच्या अंगणात ते बांधलंय त्या व्याह्याने आमच्या घराची नाकेबंदी केली आहे, आणि शनिवारी पोरीचं लग्न आहे. वडीलधाऱ्यांना पत्र असं सुरू करत नाहीत हे मला कळतं. आधी तब्येत विचारायची असते. तर तुमचा गुडघा बरा आहे असं धरून चालते, सिएनफुएगोसला सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि आता ऐका.

हे सगळं डॉमिनोच्या टेबलावर सुरू झालं. तुमचा भाऊ एउसेबिओ आणि शेजारचा कासिमिरो (त्याच्याच रेनिएरला आपली नेरेइदा द्यायची आहे) साखर कारखान्यातून सुटले की आणखी दोघांना घेऊन आंब्याखाली बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा नुसतं खेळून त्यांचं भागेना. त्यांनी 'असं झालं असतं तर' काढलं. अमेरिकेने आपली साखर घेणं थांबवलंच नसतं, तर आपलं क्रांतीचं सरकार कसं चाललं असतं? एक संध्याकाळ त्यात गेली. सत्तर साली सरकारने ठरवलेली ती एक कोटी टन साखर खरंच निघाली असती तर? त्यात या दोघांना रडू आलं, कारण ऊस तोडायला दोघेही होते. मी म्हटलं रडू देत, कुणाचं काय जातंय. (जातं. रेशनची कॉफी जाते.) मग कुणीतरी म्हणालं, दाढीवाल्या क्रांतिकारकांनी डोंगरातून उतरल्याबरोबर निवडणूक घेतली असती तर?

नुसतं बोलले असते तर ठीक होतं. यांनी ती घेतली. खेळणारे चार, उमेदवार दोन, मतं दोन-दोन. शहाणी माणसं हसून घरी गेली असती. तुमचा भाऊ म्हणाला, "डाव अडकला की काय करतात? हातातल्या सोंगट्यांचे ठिपके मोजतात. ज्याचे कमी, तो जिंकला." मोजले. एउसेबिओ राष्ट्राध्यक्ष झाला. कासिमिरो म्हणाला, "लबाडा, डबल नऊची सोंगटी मांडीखाली दाबून बसलायस." हा म्हणाला, "सिद्ध कर." "सिद्ध कशाला करू, मी डोंगरात चाललो." डोंगर म्हणजे त्याचा व्हरांडा, आमच्या कुंपणाला लागून. तिथे झुलत्या खुर्चीत बसून तो बंड चालवतो, आणि ऊन आलं की खुर्चीसकट माघार घेतो.

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की बंडखोराच्या अंगणातलं डुक्कर आजपासून जनतेचं. (डुक्कर दोन्ही घरांचं आहे. वर्षभर त्याचं उष्टं-खरकटं मी आणि ओर्तेन्सिया विहीणबाईंनी वाहिलंय, जनता कुठे दिसली नाही.) त्यावर कासिमिरोने नाकेबंदी लावली. कुंपणावरून मीठ नाही, लिंबू नाही, प्रेशर कुकर तर नाहीच, आणि जिथे निवडणूक चोरली त्या घराशी सोयरीकही नाही. रेनिएर म्हणाला, "पपा, अहो यातलं काहीच झालेलं नाही." बाप म्हणतो, "झालं नाही म्हणून काय झालं, तत्त्वाचा प्रश्न आहे." आपली नेरेइदा शिवून ठेवलेला झगा मांडीवर घेऊन बसलीये, जेवत नाही. आणि तुमचा भाऊ तिला सांगतो की संकटकाळात जनतेने धीर धरावा.

आता माझं ऐका, म्हणजे मी का पेटलेय ते कळेल. परवा कॉफी गाळताना मी त्याला विचारलं, "तुमच्या या सरकारात मी कोण?" तो गडबडला. म्हणाला, "तू राष्ट्राध्यक्षांची बायको." "ती काय करते?" "राजदूत येतात, त्यांचं बघते." "काय बघते?" त्याने माझ्या हातातली गाळणी बघितली. मग म्हणाला, "कॉफी."

वन्सं, मी यांचे सगळे इतिहास तपासले. अमेरिका साखर घेते, मी कॉफी करते. कोटी टन निघते, मी कॉफी करते. ज्यात क्रांती होतच नाही त्यात मी जुन्या मालकाच्या बंगल्यावर कॉफी करते, आणि एकसष्ट साली साक्षरता मोहिमेत मला अक्षरं शिकवायला शहरातून कंदील घेऊन जी पोर आली ती येतच नाही, म्हणजे तुमच्या भावाची तक्रारसुद्धा मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागते. आख्ख्या देशाचं नशीब हे बसल्या बसल्या बदलतात, पण चुलीपुढची बाई एक वीतभर बाजूला सरकवायला कुणाचा हात उचलत नाही.

तो या जगात फक्त तुम्हाला भितो. आईच्या माघारी तुम्हीच त्याला वाढवलंत (कुठे कमी पडलात ते आज काढत नाही). त्याला कडक शब्दांत लिहा की ताबडतोब राजीनामा दे आणि कासिमिरोच्या व्हरांड्यात जाऊन त्याला मिठी मार.

तुमची भावजय,
सेनोबिया

ता. क. नाकेबंदीची काळजी करू नका. मीठ आणि लिंबं कुंपणातल्या कोंबड्यांच्या भोकातून येतात. विहीणबाई पलीकडून ढकलतात, मी अलीकडून ओढते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात बाहेर डोकावले. राष्ट्राध्यक्ष शिडीवर चढून भिंतीला चुना मारताहेत, म्हणे राजदूत असल्या घरात पाय ठेवणार नाहीत. हा चुना मी नेरेइदाच्या बाप्तिस्म्यापासून मागतेय. पलीकडे बंडखोरांनी जनता आपल्याकडे वळावी म्हणून विहीणबाईंची गळकी न्हाणी दुरुस्त केली. विहीणबाई आत्ताच कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, "एवढ्यात तह नको हं. माझं छप्पर राहिलंय." तेव्हा वर लिहिलेलं 'ताबडतोब' खोडा. राजीनामा शुक्रवारी दुपारी द्यायचा, मागची भिंत झाल्यावर. त्याहून उशीर नको, कारण डुक्कर शुक्रवारीच कापायचं आहे आणि ते धरायला दोन्ही सरकारं लागतील. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. भावाला असं लिहिताय की नाही, ते मला बुधवारपर्यंत तारेने कळवा.