साहेबाचं पान

उरण, सर्वपित्री अमावास्या, १९२४

अजून डोकं शांत होत नाही. पितरांच्या पानांशेजारी मी आमच्या लेफ्टनंट साहेबासाठी एक पान वाढलं. साहेब भाजलेला सुका बोंबील माझ्याकडून मागून खायचा, म्हणून पानात बोंबील. दादानं पान उचललं.

"गोऱ्याचं पान आपल्या घरात कशाला?"

भटजी म्हणाले, "त्याचं गोत्र ठाऊक नाही."

गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. मग आजच का अडलं?

मेसापोटेमियात माझ्या पायाला गोळी लागली, तेव्हा हा स्कॉटलंडचा पोरगा मागे वळला. मला पाठीवरून खंदकात आणून उतरवलं आणि तिथंच गोळी लागून पडला. बिनलग्नाचा. त्याला पान कोण वाढणार?

बोंबील दादानं मांजराला घातला. मी जेवलो नाही. साहेब तेव्हा मागे वळला नसता, तर आज दादानं पितरांत माझं पान वाढलं असतं.