बोटांना सुट्टी

७ नोव्हेंबर, सकाळ
लायसन्स मिळाल्यातच जमा. ज्यांच्या घरी काही बिनसलंय अशी पोरं आपल्याकडे ठेवून घ्यायची, तर सरकारचं लायसन्स लागतं म्हणे. मी म्हटलं, द्या. मी पाच वाढवली, पाचही आमचं बेट सोडून ऑर्लँडोला जाऊन एसी लावून बसलीत, एकालाही साधा दम्याचा त्रास नाही. अजून काय शिकवणार हे मला? घरात आता मी आणि म्हातारा. माझा नवरा क्रिसांतो तसा गुणी, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघणं.
आधी मुलगी मागेन. पंधराव्या वाढदिवसाला गुलाबी झगा, मग नर्सिंग, मग लग्न. नवरामुलगा डोंगरातलाच हवा. खालच्या पोन्से शहरातला नको, पोन्सेचे लोक स्वतःला फार समजतात.

१३ नोव्हेंबर
समाजसेवेच्या खात्यातली मिसी आर्से येऊन घर बघून गेली. औषधं कुलपात, कोयता उंचावर, कुत्र्याला सुई टोचलेली. सगळं पास. लोकांच्या घरी खायचं नाही असा तिला नियम आहे. मी म्हटलं, बाळा, खाऊ नकोस, नुसती चव घे. चव दोन वाट्या घेतली. आता फक्त बोटांचे ठसे द्यायचे. तो एक सोपस्कार.

२० नोव्हेंबर
आज हसून हसून उचकी लागली. पोलीस कचेरीत काचेचं मशीन आहे, त्यावर बोटं ठेवायची. म्हाताऱ्याचे ठसे एका झटक्यात. माझे उमटेचनात! मशीनवाल्या पोरीने काच पुसली, माझी बोटं पुसली, फुंकर मारली. अदबीने म्हणाली, दोन्या लिंदा, बोटं आहेत हो तुम्हाला, पण रेषाच नाहीत. नुसते पांढरे चंद्र. असणार कशा? लहानपणापासून कॉफी तोडली, जन्मभर हिरवी केळी किसली, फरशी ब्लीचने घासली. शेजारची लूस सेलेनिया म्हणते, अगं, असली बोटं घेऊन केळीच्या पानात पास्तेलेस काय बांधत बसलीस, बँक लुटायची होतीस!
पण ठशाशिवाय लायसन्स नाही. उपाय सोपा आहे: किसणं बंद, ब्लीच बंद, मलम लावायचं, जानेवारीतला तीन राजांचा सण झाला की परत यायचं. रेषा परत येतात म्हणे. तेवढं तर मी झोपेत करेन.

२१ नोव्हेंबर
निर्धार: हात कशालाही लावायचा नाही. सकाळपासून बिशपसारखी हात मांडीवर ठेवून बसले आहे. कॉफी म्हाताऱ्याने केली. छान झाली म्हटलं. खोटं बोलायला हात लागत नाहीत.

२२ नोव्हेंबर
दोन बशा धुतल्या. बशी म्हणजे काम नव्हे.

४ डिसेंबर
लूस सेलेनियाकडे पास्तेलेसची मोठी ऑर्डर आली आहे. मी फक्त खुर्चीत बसून सूचना देणार होते. पण ती बाई केळं किसते की मांजर कुरवाळते? मी किसणी घेतली ती केवळ दाखवायला. दाखवणं म्हणजे किसणं नाही. एक बादलीभर दाखवलं.

११ डिसेंबर
आता रबरी हातमोजे घालते. पिवळे. हेच आधी का नाही सुचलं? ठसे सुरक्षित, कामही चालू.
संध्याकाळी: एका मोज्याचं बोट किसणीत तुटून पिठात गेलं. सापडलं नाही. ज्याच्या पानात निघेल त्याने ओळख दाखवू नये म्हणजे झालं.

२४ डिसेंबर
आजच्या दिवशी सरकारी कचेऱ्या बंद असतात, म्हणजे आजचं काम सरकार धरणार नाही.

८ जानेवारी
उमटले नाहीत. मशीनवाल्या पोरीने विचारलं, खरं सांगा दोन्या, कामाला हात लावलात? मी म्हटलं, देवाशपथ नाही. तिने माझा तळवा उचलला आणि हुंगला. लसूण.
मिसी आर्सेचा फोन आला. महिनाअखेर शेवटची खेप, नाहीतर फाइल बंद. मी मोज्यांचं सांगायला लागले, तर मध्येच म्हणाली, दोन्या लिंदा, माझ्याकडे पोरं ऑफिसातल्या खुर्चीवर झोपतात आणि तुम्ही मला केळ्यांच्या गोष्टी सांगता.
फोन ठेवल्यावर मला तिचा राग आला. मग तो राग कुठे ठेवावा कळेना.

१५ जानेवारी
हातांना व्हॅसलीन, वर म्हाताऱ्याचे पायमोजे. खरंच काही करत नाही. माझं काही न करणं बघायला गल्लीतून माणसं येतात. लूस सेलेनिया स्वतःची खुर्ची घेऊन आली. भात करपला, मी उठले नाही. मोज्यांत हात असताना लिहितेय म्हणून अक्षर असं. तसं एरवीही असंच असतं.

३० जानेवारी
उमटले! दहाच्या दहा! मी त्या पोरीचा मुका घेतला, मग मशीनचा घेतला. तिला काच परत पुसावी लागली.

१२ फेब्रुवारी
लायसन्स आलं. भिंतीवर येशूच्या शेजारी लावलं. म्हातारा म्हणतो, जरा खाली घे, त्याच्या बरोबरीने नको. घेतलं, बोटभर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
नाशाली! वय अकरा. दुपारी आली, कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत. सोमवारपर्यंतच, बायामोनहून तिची मावशी न्यायला येणार आहे म्हणे. सोमवार म्हणायला सोमवार. मावश्यांचे विचार बदलतात. शाळेच्या बाईंशी मी बोलून ठेवलं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार
पोर माझ्यापाशी अगदी रमली आहे. लूस सेलेनियाचं ऑपरेशन, माझ्या सासूचा स्वभाव, चक्रीवादळात छप्पर उडालं ते, सगळं सांगितलं. मान हलवत ऐकते. शाळेचा गणवेश शिवायला कापड बघून आले. रात्री म्हाताऱ्याच्या शेजारी पायरीवर बसली होती. दोघंही एक शब्द बोलत नव्हते. बिचारीला कंटाळा आला असणार, म्हणून मी मध्ये जाऊन बसले.

२३ फेब्रुवारी, सोमवार
मावशी आली. वेळेवर आली. गाडीतून उतरायच्या आधीच रडत होती, आणि ही जी धावली तिच्याकडे, एवढं धावताना मी तिला पाहिलंच नव्हतं. चांगली बाई आहे. शोधूनही काही वाईट सापडलं नाही.
पिशवी गाडीत ठेवून पोर परत फाटकापाशी आली. मला वाटलं, मिठी मारणार. हात पुढेही केले. ती हळूच म्हणाली, तुमचं नाव काय हो?
तीन दिवस मी बोलत होते.
लिंदा, म्हटलं. ती म्हणाली, थँक यू, दोन्या लिंदा. गेली.

संध्याकाळी
मिसी आर्सेचा फोन. उद्या दोन भाऊ येतील, कदाचित एका रात्रीपुरतेच, चालेल का? मी म्हटलं, नावं सांग. तिने सांगितली, मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. मग म्हटलं, थांब, ठेवू नकोस. त्यांना माझंही सांग.