माझ्या मयताला घोडी कापू नये

मी, अनारकान, दिवंगत जुमाबेक यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सुसामिर खोरे, हमरस्त्याला लागून असलेले निळ्या दाराचे घर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल शंका असल्यास माझ्या सुनेला, जिबेकला, विचारावे. तिच्या मते मी थोडी कमी शुद्धीत असते तर घरात शांतता नांदली असती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचा विचार नव्हता.

तो विचार का करावा लागला ते आधी सांगते. गेल्या जूनमध्ये अंगणात घोडीचे दूध घुसळताना माझ्या छातीत कळ आली आणि मी आडवी झाले. डोळे मिटले होते, कान शाबूत होते. माझे थोरले दीर ओसमोन धावत आले, माझ्या तोंडाजवळ कान नेला आणि तडक घोडीकडे गेले. तिच्या बरगड्या चाचपल्या.

"चरबी बरी धरलीय," ते म्हणाले. "जिबेक, पोरी, माणसं शंभर तरी येतील. घोडं कापल्याशिवाय कसं चालेल? लोक शेण घालतील तोंडात."

जिबेक रडत होती. म्हणाली, "न्या, मामंजी. आईंपेक्षा घोडी मोठी आहे का?"

मोठी आहे गं, शहाणे! असे मला ओरडायचे होते, पण जीभ हलेना. त्या रागानेच मी शुद्धीवर आले असावे. डॉक्टर औषधाला श्रेय देतात, देऊ देत.

कलम पहिले, घोडी. माझी कुला नावाची पिवळी घोडी, तिच्या शिंगरासह, मी माझी सून जिबेक हिला देते. मुलाला नाही, सुनेला. माझ्या दफनाला, चाळिसाव्याला, वर्षश्राद्धाला किंवा पुढे कोणाला माझी फारच आठवण आली म्हणून, ही घोडी कापू नये. रूबल कोसळला, मॉस्कोतली बांधकामे थांबली, माझा मुलगा तालाय तिथून हात हलवत परत आला, त्या दिवसापासून हे घर कुलाच्या आचळांवर चालले आहे. आम्ही रस्त्याकाठी कुमिस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, विकतो. पूर्वी ट्रकवाले बाटली घेत, आता वाटीभर घेतात आणि दुसरी वाटी फुकट मागतात. तरी चूल पेटते. ही घोडी एका दुपारी शंभर पाहुण्यांच्या पोटात गेली, तर दुसऱ्या दिवशी माझी नातवंडे काय खातील, हे त्या शंभरांपैकी एकजणही विचारणार नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण मी ते एकदा पाहिले आहे. जुमाबेक गेला तेव्हा आम्ही दोन गाई, घोडा आणि मेंढ्या कापल्या. लोक म्हणाले, वा, काय थाटाचे मयत! आठवडाभरात घरात हाडे आणि कुत्री उरली. तालाय तेव्हाच मॉस्कोला विटा वाहायला गेला. नवऱ्यासाठी मी मनापासून रडले, पण खरे सांगते, गाईंसाठी जास्त दिवस रडले.

कलम दुसरे, हाड. त्याच मयताला मांस वाढताना, डोळे पाण्याने भरलेले, मी ओसमोन भाऊजींना कमरेच्या हाडाऐवजी नडगीचे हाड दिले. कमरेचे हाड वडीलधाऱ्याचे, नडगी पोरासोरांची, हे मला काय कळत नव्हते? पण चूक झाली. भाऊजींनी ताट पालथे घातले आणि दोन हिवाळे माझ्याशी अबोला धरला. माझ्या मयताला एक मेंढी कापावी. तिचे कमरेचे हाड भाऊजींना द्यावे, सर्वांसमोर, दोन्ही हातांनी. बाकीच्यांना चहा आणि बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे. पीठ तळायला जिबेकचा हात चांगला आहे. हे मी जिवंतपणी तिला बोलले नाही, कारण मग तिने माझे ऐकणे सोडले असते. घोडाच हवा असा ज्याचा आग्रह असेल, त्याने स्वतःचा आणावा.

कलम तिसरे, मॉस्कोचे जाकीट. ते तालायचेच आहे, पण अट घालते. तो परत येऊन वर्ष होत आले, तरी रोज ते जाकीट घालून, केस विंचरून दुकानापर्यंत जातो आणि विचारणाऱ्याला सांगतो, "सुट्टीवर आलोय." एवढी सुट्टी तर मंत्र्यालाही मिळत नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतो. घोडीचे दूध काढ म्हटले तर म्हणतो, "आई, ते बायकांचं काम." माझ्या मयताला तो दाराबाहेर काठीवर रेलून रीतीप्रमाणे मोठ्याने रडेल. रडून झाल्यावर त्याने तितक्याच मोठ्याने म्हणावे: "मला काम नाही. मी घरी आहे." मग ते जाकीट घालून घोडीखाली दूध काढायला बसावे. बाळा, तुझी मला कधीच लाज वाटली नाही. तू उपाशीपोटी पॉलिश केलेल्या बुटांची मात्र वाटते.

कलम चौथे, भिशी. बायकांच्या भिशीतली माझी जागा जिबेकला मिळावी. पूर्वी आम्ही जिच्या घरी बसू तिथे मेंढी शिजे. गेल्या हिवाळ्यात भिशीतल्या सगळ्या बायकांना एकाच वेळी डॉक्टरांनी मांस वर्ज्य केले. मलाही केले. कोणता डॉक्टर, हे कोणी कोणाला विचारले नाही. जिबेक, तूही विचारू नकोस, पण पहिल्यांदा आपल्या घरी बसाल तेव्हा सांगून टाक, आमच्याकडे मांस नाही म्हणून. बघ, बाकीच्या किती मोकळ्या हसतात ते.

कलम पाचवे, मोठी कढई. ही पंधरा वर्षांपूर्वी ओसमोन भाऊजींनी "उद्या आणून देतो" म्हणून नेली. मी ती उदार मनाने त्यांनाच देऊन टाकणार होते, म्हणजे चोरी राहिली नसती. पण गावकचेरीतल्या बाक्तीगुल म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. भाऊजी साक्षीदार आहेत. तेव्हा भाऊजी, कढई परत आणा.

साक्षीदार म्हणून मी त्यांनाच का निवडले, असे बाक्तीगुलनी विचारले. कारण सोपे आहे. माझ्या मयताला घोडीकडे सुरी घेऊन पहिला जाणारा माणूस तेच. उद्या ते म्हणतील, "बाई म्हातारपणी चळली होती." स्वतःच्या सहीवर कसे म्हणतील? हल्ली ते पायीच येतात. त्यांचा काळा घोडा वरच्या कुरणावर मेव्हण्याकडे चरायला सोडलाय म्हणे, आणि चालणे तब्येतीला बरे असते. तर आज चालत आले, घाम पुसत बसले, आणि बाक्तीगुलनी त्यांना सगळे वाचून दाखवले. नडगीच्या हाडाशी त्यांचे कान लाल झाले.

"अनारकान, हे गावासमोर वाचणार?"

"वाचणार. मी नसेन, म्हणून मला मजा नाही येणार, एवढंच वाईट वाटतं."

"एकही घोडा न कापता माणूस पुरायचा? आपल्या घराण्यात असं झालं नाही."

"भाऊजी, आपल्या घराण्यात पोरांनी रस्त्यावर वाटी पुढे केली, असंही झालं नाही. दोन्हीपैकी एक होणार. कुठलं हवं, ते सही करून सांगा."

मी चहा ओतला. अर्धीच वाटी, आमच्याकडे तोच मान, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो.

निळ्या दाराचे घर मुलगा आणि सून दोघांचे. घराबद्दल भांडण नाही, म्हणून कलम नाही. माझ्यामागे रडणाऱ्या बायकांनी रडगाण्यात माझा गोड स्वभाव आणू नये. पाहुण्यांना हसू येईल.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. ते माझेच आहे आणि मला पटलेले आहे.

मु. सुसामिर, १४ सप्टेंबर २०१५.

सही: अनारकान

साक्षीदार पहिली: बाक्तीगुल, गावकचेरी.

साक्षीदार दुसरा: ओसमोन. सही करताना स्वतःच्या हाताने पुढील मजकूर जोडत आहे. माझा काळा घोडा कुरणावर नाही. गेल्या हिवाळ्यात विकला. घरात कोणाला सांगितलेले नाही. जूनमध्ये घोडी चाचपली ती याच भीतीने, की थोरला दीर म्हणून जनावर माझ्याकडे मागतील आणि माझ्याकडे काही नाही. माझी वेळ येईल तेव्हाही चहा आणि बोरसोकच करावेत. हे मृत्युपत्र मला मान्य आहे.

ताजा कलम, अनारकानच्या हातचा: कलम पाचवे खोडले. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून कढई उसनीच समजावी. माझ्यामागे कोणी ती परत मागू नये.